दोन हजार किलोची गाडी आणि आण्णांचा वजनकाटा

आमची गाडी दोन हजार किलो ओढते हे मला पाठ होतं, कारण घेताना सेल्समनने तीनदा सांगितलेलं आणि मीही ते पुढे दहा जणांना सांगितलेलं. म्हणून जीलाँगकडचा एक सेकंडहँड कँपर ट्रेलर साडेनऊ हजार डॉलरला दिसला आणि जाहिरातीत वजन ९८० किलो लिहिलेलं बघितलं तेव्हा माझ्या डोक्यात हिशोब झालासुद्धा, दोन हजारात ९८० म्हणजे निम्म्याच्या पण आत, विषय संपला, ईस्टरच्या सुट्टीत आई-आण्णांना घेऊन ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, कँपर ट्रेलर म्हणजे कॅरावॅन नाही, एक दणकट लोखंडी पेटी, दोन चाकं, वर तंबू घडी करून बसवलेला, आणि मागनं ड्रॉवरसारखं ओढलं की गॅसची शेगडी आणि सिंक बाहेर येतं. इथे मेलबर्नमधे आमच्या टार्नीटच्या गल्लीतच तीन आहेत. कॅरावॅनपेक्षा बराच स्वस्त आणि घराच्या बाजूला मावतो, बायकोला मुख्य म्हणजे हे दुसरं आवडलं.

मालक माणूस भला होता. माझ्या गाडीकडे एक नजर टाकून म्हणाला अरे ही तर झोपेत ओढेल. मी खूश होऊन पाचशे डॉलर टोकन दिलं, घरी आलो आणि जेवताना सांगितलं.

आता आण्णांबद्दल सांगायला हवं. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. आण्णांनी आयुष्यभर ऊस केला, कारखान्याला घातला, आणि काट्यावरच्या वजनावरनं जितकी भांडणं त्यांनी केली असतील तितकी भावकीत पण केली नसतील. ते फेब्रुवारीत आलेले, सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "नऊशे ऐंशी कुणी सांगितलं? त्यानंच? मग काटा कुणी केला?"

मी म्हटलं आण्णा जाहिरातीत लिहिलंय, कंपनीचा आकडा आहे. तर म्हणे, "रिकाम्या ट्रॉलीचा आकडा घिऊन काय करतूस? तू काय रिकामी ट्रॉली ओढनार हाईस व्हय?"

वाद घालायला गेलो पण मुद्दा बरोबर होता ना. रात्री बसलो वाचायला आणि मग जे काय उघडत गेलं ते पंधरा दिवस चाललं.

पहिली गोष्ट, जाहिरातीतले ९८० म्हणजे टेअर, ट्रेलर फॅक्टरीतून बाहेर पडला तेव्हाचं कोरं वजन. त्यानंतर मालकाने दोन बॅटऱ्या टाकलेल्या, सोलर पॅनल, मोठा फ्रिज, पुढे टूलबॉक्स, जादा स्टेपनी, मोठा ऑनिंग म्हणजे बाजूला ताणायचं छप्पर, हे सगळं त्या ९८० मधे धरलेलंच नाही. आपण भरणार ते अजून वेगळं. ८० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे सरळ ८० किलो. नऊ किलोचा गॅस सिलिंडर म्हणतात पण ते नऊ किलो आतल्या गॅसचे, लोखंडासकट भरलेला सिलिंडर १८ च्या आसपास जातो, आणि असे दोन. खरा बघायचा आकडा ट्रेलरच्या दांड्यापाशी ठोकलेल्या पट्टीवर असतो, त्याला म्हणतात एटीएम. पैसे काढायचं नाही, टाकायचं. ट्रेलर सगळा भरून, गाडीला न जोडता, जास्तीत जास्त किती वजनाचा असू शकतो तो आकडा. या ट्रेलरचा एटीएम होता १४०० किलो. गाडीच्या ओढायच्या क्षमतेशी तुलना करायची ती ह्याच्याशी, टेअरशी नाही. तरी १४०० म्हणजे दोन हजाराच्या आतच की, म्हणून मी अजून निवांत होतो.

मधेच एक सांगतो, आमच्या मित्राची टोयोटा राव-फोर हायब्रिड आहे, तोपण तेव्हाच ट्रेलरच्या नादात होता. त्याच्या ओळखीतला एक जण अगदी तशीच गाडी घेऊन कँपर ओढतो म्हणून ह्याने टोबार, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा दांडा, बसवणाऱ्याची अपॉइंटमेंटच घेतली. ओळखीतल्याची ऑल व्हील ड्राइव्ह, ती १५०० किलो ओढते. ह्याची टू व्हील ड्राइव्ह, तिची मर्यादा ४८० किलो. बाहेरनं दोन्ही गाड्या जुळ्या बहिणी. त्यामुळे 'अमक्याची तीच गाडी आहे तो ओढतो' हे ऐकून काहीही विकत घेऊ नका, आपल्या गाडीचं आपलं पुस्तक उघडा. माझ्या गाडीचं नाव म्हणूनच घेत नाही, सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे एवढं पुरे.

तर मी आमचं पुस्तक उघडलं. गाडी घेऊन चार वर्षं झाली, पुस्तक ग्लोव्ह बॉक्समधे प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं. टोइंगचं पान सापडलं. ब्रेक असलेला ट्रेलर २००० किलो, ब्रेक नसलेला ७५०. इथे ऑस्ट्रेलियात ७५० च्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, तो कायदाच आहे. आणि त्याच्याच खाली एक ओळ, टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या हुकाच्या गोळ्यावर, येणारा भार जास्तीत जास्त १०० किलो.

ती ओळ मी दोनदा वाचली. कारण तोवर मला एवढं कळलेलं की इथल्या ट्रेलरांना साधारण वजनाच्या दहा टक्के भार पुढे, म्हणजे गाडीच्या हुकावर यावा लागतो. १४०० च्या ट्रेलरचे १४० होतात. म्हणजे गाडी दोन हजार ओढेल हे खरं, पण हुकावर १०० च पेलणार, आणि दहा टक्क्याने बघितलं तर ती जेमतेम हजार किलोच्याच ट्रेलरला पुरी पडणार. हे सेल्समनने एकदाही सांगितलं नव्हतं. दोष देत नाही, मी विचारलंच कुठे होतं.

मग डोक्यात आलेली पहिली आयडिया सगळ्यांना येते तीच. पुढचा भार जास्त होतोय ना, तर टूलबॉक्स रिकामा करा, स्टेपनी आणि जेरीकॅन मागे बांधा, आला भार ९० वर. मी हे आण्णांना मोठ्या हुशारीने सांगितलं. तर ते हसलेच.

"आरं बैलगाडी भरलीस का कदी? मागं जड झाली की गाडी उलाळ हुती. जू वर उटतं, बैलांचा गळा आवळतो, आन उतारावर तर इचारूच नगंस. मोहरं जड झाली तर मानंवर बसतं. भरनाऱ्याला कळाय लागतं कुटं किती."

शप्पथ सांगतो, तोवर मी यूट्यूबवर चार तास घालवलेले आणि इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. उलाळ. मागे जड झालेला ट्रेलर सरळ चालत नाही, वेग वाढला की शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि गाडीलाच ओढून नेतो. ट्रेडमिलवर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर ठेवून दाखवलेला एक व्हिडिओ आहे, वजनं पुढे असली की ट्रेलर सरळ, तीच वजनं मागे सरकवली की दोन सेकंदात सगळं आडवं. आण्णांना दाखवला तर म्हणे हेच तर सांगत हुतो.

मालकाला फोन केला, म्हटलं घ्यायचाच आहे पण आधी वजन करू. तो बिचारा तयार झाला, शनिवारी त्याच्या युटला, म्हणजे पिकअपला जोडून वेरिबीकडच्या एका काट्यावर घेऊन आला. आण्णा सोबत, टोपी घालून. काट्याच्या ऑफिसातल्या पोरीने विचारलं काय वजन करायचंय, तेवढ्यात आण्णा प्लेटच्या कडेला जाऊन खाली वाकून बघत होते की प्लेट कुठे टेकत तर नाही ना. मी तिला काय सांगणार.

आधी ट्रेलर एकटा, युटपासून सोडवून, प्लेटवर. ११६० किलो. रिकामा! ९८० चे ११६० झालेले, एक कपडा न टाकता. मग परत युटला जोडला आणि फक्त ट्रेलरची चाकं प्लेटवर ठेवली, १०४०. मधले १२० कुठे गेले, तर ते युटच्या हुकावर. काटा २० च्या टप्प्याने बोलतो त्यामुळे १२० म्हणजे नक्की किती ते नाही कळत, पण १०० च्या वर आहे हे कळलं. रिकाम्या ट्रेलरलाच आमची गाडी नापास.

आमची गाडी पण लगेहात काट्यावर घातली, टाकी फुल, टोबार लावलेला, आत मी एकटा. २०६०. मागच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं जीव्हीएम, म्हणजे गाडीने माणसं-सामानासकट स्वतःच्या चाकांवर जास्तीत जास्त पेलायचं वजन, ते २५१०. म्हणजे उरले ४५०. बायको ६४, पोरं ३८ आणि २७, आई ६१, आण्णा ७०, झाले २६०. उरले १९०. आणि इथे मला दुसरा झटका बसला, हुकावर येणारा भार पण ह्याच १९० मधून जातो. तो ट्रेलरचाही असतो आणि गाडीच्या पाठीवरही असतो. १३०-१४० हुकाला दिले की सहा माणसांच्या सामानाला पन्नास-साठ किलो.

दोन हजार किलो ओढणारी गाडी आणि अडलंय कुठे, तर आईच्या बॅगेपाशी.

हुकाच्या १०० चं काय करायचं म्हणून दोन ठिकाणी विचारलं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं मागच्या स्प्रिंगमधे एअरबॅग टाकून देतो, गाडी मस्त सरळ दिसेल. मी विचारलं मर्यादा वाढेल का, तर म्हणे सरळ दिसली की कोण विचारतंय. त्याला नमस्कार केला आणि निघालो. दिसायला सरळ झाली म्हणून पुस्तकातला आकडा हलत नाही, आणि उद्या काही झालं तर विमावाल्यांच्या हातात आपणच कारण दिल्यासारखं होतं. शेवटी गाडीच्या कंपनीचंच मागच्या स्प्रिंगचं किट निघालं, ते अधिकृत लावून घेतलं की हुकाची मर्यादा १०० ची १५० होते आणि तसा कागद मिळतो. सव्वाआठशे डॉलर गेले. पण जीव्हीएम २५१० चा २५१० च, पाय घट्ट केले म्हणून पाठ रुंद होत नाही.

ट्रेलर घेतला मग. बायकोने फक्त एवढंच विचारलं की आता तरी नक्की का, म्हटलं नक्की नाही, भरून बघू.

घरी सगळं भरलं, जसं जाणार तसं. तंबू, गाद्या, खुर्च्या, सगळ्यांचे कपडे, डबे, टाकीत पाणी, दोन्ही सिलिंडर. हुकाचा भार मोजायला बाथरूममधला वजनकाटा आणला, १५० किलोपर्यंतचा आहे. त्यावर फळी, फळीवर टोबॉलच्या उंचीइतका कापलेला लाकडी ठोकळा, आणि जॉकी व्हीलचं, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाखालच्या टेकूच्या चाकाचं, हँडल फिरवत फिरवत ट्रेलरचं तोंड हळूच त्या ठोकळ्यावर टेकवलं. चाकं सरकू नयेत म्हणून आधी त्यांना उटी लावायची हं, दगड नाहीतर ठोकळा, आम्ही एकदा विसरलो. काट्यावर १४४ दिसलं आणि त्याच क्षणी आत बायकोचा फोन वाजला, कारण तो काटा अ‍ॅपला जोडलेला आहे आणि अ‍ॅप विचारत होतं की आजचं १४४ किलो वजन तुमचंच का. त्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

१४४ म्हणजे १५० च्या आत पण गाडीच्या १९० मधले इतके गेले तर राहिलं काय. मग आण्णा आणि मी रीतसर भरणी सुरू केली. पाण्याची टाकी आमच्या ट्रेलरला एक्सलच्या थोडी पुढे आहे, आणि आम्ही उतरणार त्या हॉल्स गॅपच्या कॅरावॅन पार्कात नळ आहेच, मग अडीचशे किलोमीटर पाणी वाहून न्यायचं कशाला, ती रिकामी केली. दुसरा सिलिंडर घरी. डब्यांची पेटी पुढच्या टूलबॉक्समधून काढून बरोब्बर एक्सलच्या वर. मागे काहीच बांधलं नाही. प्रत्येक बदलानंतर परत ठोकळ्यावर. शेवटी १२८ वर आलं. आण्णा दर वेळी दांडा हाताने उचलून बघायचे आणि काट्याआधी आकडा सांगायचे, आणि पाच-सात किलोच्या आत असायचे.

अजून एक गोष्ट मला ह्याच वेळी बघायला मिळाली ती पुस्तकात वाचून समजली नसती. ट्रेलर जोडायच्या आधी गाडीच्या चारही चाकांच्या कमानीची जमिनीपासून उंची टेपने घेतली, जोडल्यावर परत घेतली. मागे ३८ मिलिमीटर बसलेली, ठीक आहे, पण पुढे १४ मिलिमीटर उचललेली. हुक मागच्या चाकांच्या मागे सव्वा मीटरवर आहे, त्यामुळे तिथे १२८ किलो टाकले की सी-सॉसारखं होतं, मागच्या चाकांवर १२८ नाही तर १८५ च्या आसपास वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे पन्नास-साठ कमी होतात. पुढची चाकं म्हणजे स्टिअरिंग आणि बरेचसे ब्रेक. आण्णा म्हणाले ऊस जादा भरला की ट्रॅक्टर तोंड उचलतो तसंच की हे. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेलेली मी लहानपणी बघितलेली आहेत, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवायचो.

मग सगळे बसून, सगळं जोडून दुसऱ्यांदा काट्यावर. आधी फक्त गाडीचं मागचं एक्सल, १३२०, मर्यादा १३७०. पूर्ण गाडी, ट्रेलर जोडलेला पण त्याची चाकं प्लेटबाहेर, २४८०. ट्रेलरची चाकं ११२०. सगळं मिळून ३६०० च्या आसपास, आणि गाडी अधिक ट्रेलर दोन्हीची एकत्र मर्यादा, जीसीएम, ४५१०, तिथे काही प्रश्न नव्हता. पण हे आमच्या गाडीचं झालं. काही गाड्यांचा जीसीएम इतका तोकडा असतो की गाडी पूर्ण भरली तर ट्रेलर पूर्ण भरता येत नाही, तिथे अडकतात लोक.

२५१० ला २४८०. तीस किलो उरले, त्यात काट्याचा २० चा टप्पा. रूफ बॉक्स नको हे तिथेच ठरलं. आईला मी म्हटलं तुझा लोखंडी तवा आणि पाच लिटरचा कुकर राहू दे, तर आई म्हणाली मग तूच उतर की, ८२ किलो वाचतील.

ब्रेकचं थोडक्यात सांगतो. आमच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, ते चालायला गाडीत कंट्रोलर बसवावा लागतो, डॅशबोर्डवर एक छोटी गोल खुंटी असते. तो बसवून रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात खुंटी दाबून बघायची, ट्रेलर मागनं ओढून धरतोय असं जाणवायला हवं पण चाकं घासत जायला नकोत, तेवढ्यावर सेट करायचं. भरलेल्या ट्रेलरला वेगळं, रिकाम्याला वेगळं. आणि ट्रेलर हलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक मारायचा नाही, पाय उचलायचा आणि ती खुंटी दाबायची, म्हणजे ट्रेलर मागनं ताणला जाऊन सरळ होतो. हे मी गाडीत बसून पंचवीस वेळा हाताने करून बघितलं, नुसतं उभ्या गाडीत, शेजाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी सगळं भरून बॅकस मार्शपर्यंत जाऊन आलो. ९० च्या वर गेलो नाही. पहिला मोठा ट्रक बाजूने गेला तेव्हा त्याच्या हवेने आधी बाहेर ढकललं मग आत ओढलं, आणि माझे हात स्टिअरिंगला चिकटले, पण ट्रेलर एक हेलकावा देऊन सरळ झाला. बॅकस मार्शच्या पुढचा पेंटलँड हिल्सचा चढ मुद्दाम चढून बघितला, गिअर दोन खाली आले, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. डिझेल शंभर किलोमीटरला आठ लिटर लागायचं ते तेरा लागलं. थांबायला किती जास्त अंतर लागतं ते मात्र आकड्यात सांगता येणार नाही, पुढच्या गाडीपासून मी आपोआपच दुप्पट लांब राहायला लागलो.

शेवटी गुड फ्रायडेला पहाटे पाचला निघालो. आईचा तवा आलाच, तिने तो कपड्यांच्या बॅगेत घातलेला हे मला बॅलराट गेल्यावर कळलं. बोफोर्टला चहाला थांबलो. पोरं टॉयलेटला पळाली, मी जोड बघितला, चेन बघितली, प्लग बघितला. आण्णा ट्रेलरच्या चाकाशी उकिडवे बसले आणि तळहात नाही, हाताची मागची बाजू चाकाच्या मधल्या हबला लावली, तापलाय का बघायला, आधी डावीकडे, मग वळसा घालून उजवीकडे. दोन्ही काट्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्या बंडीच्या खिशात घडी करून होत्या, त्यांनी त्या मला परत दिलेल्याच नाहीत.

"कोमट हाय," म्हणाले. "चला."